निळी बोटं आणि चढतं क्रिएटिनिन

अँजिओप्लास्टीच्या आधी माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याचा आकडा, १.२ होतं. वय ६८, रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षं चालू, आणि रिपोर्टवर १.२ हा आकडा मर्यादेच्या आत छापलेला. पुढे किडनीच्या डॉक्टरांनी वय धरून हिशेब मांडून दाखवला तेव्हा कळलं, की माझ्या वयाला १.२ म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, ज्याला ई-जीएफआर म्हणतात, तो साधारण ६६. काम व्यवस्थित चालू होतं, पण गाठीला फार शिल्लक नव्हती.

छातीत दुखायला लागलं, तपासणीत हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा निघाला आणि स्टेंट बसवला. मनगटाची धमनी बारीक असल्यामुळे कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, जांघेतून घातलं. हे सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. तो स्टेंट गरजेचाच होता. घरी सोडताना क्रिएटिनिन १.४ होतं. धमन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायमुळे थोडं चढतं, उतरेल, असं सांगितलं गेलं. सांगितलं ते शास्त्राला धरूनच होतं. डायचा किडनीवर परिणाम झाला तर तो एक-दोन दिवसांत दिसतो, तीन ते पाच दिवसांत टोकाला जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत आठ-दहा दिवसांत निवळतो.

माझं निवळलं नाही. काही आठवड्यांनी रक्त तपासलं तर १.९. मग काही दिवस तिथंच थांबलं, म्हणून जरा हायसं वाटलं, तर पुढच्या वेळी २.६. पुन्हा थोडा थांबा, पुन्हा चढ. जिना चढावा तसं. त्याच सुमारास रक्तदाबही हाताबाहेर जायला लागला. इतकी वर्षं एका गोळीत शांत असलेला दाब आता तीन गोळ्यांनाही दाद देईना. भूक मेली. वजन उतरत गेलं. आणि पायाची बोटं निळी पडली.

बोटांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या आजाराचं नाव तिथूनच सापडलं. उजव्या पायाचा अंगठा आणि करंगळी, डाव्या पायाची मधली दोन बोटं. आधी नखाभोवती जांभळट रंग आला, मग तो खाली सरकला. ठणका असा, की रात्री अंगावरच्या चादरीचा स्पर्शही नको व्हायचा. पाय खाली सोडून बसलं की रंग गडद, वर घेतला की थोडा फिका. पाऊल मात्र गरम होतं. ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी पावलावरची नाडी चाचपली आणि ती दरवेळी ठणठणीत लागली. नाडी चांगली आहे म्हणजे पायाचं रक्त चांगलं आहे, असा सरळ निष्कर्ष निघायचा आणि विषय पुन्हा क्रिएटिनिनकडे वळायचा. पाणी कमी पडतंय का, रक्तदाबाच्या गोळीनं वाढलंय का, प्रोस्टेटमुळे लघवी अडतेय का. प्रत्येक शंका रास्त होती आणि प्रत्येकीची तपासणी झाली. सोनोग्राफीत लघवी कुठं अडलेली नव्हती. गोळी बदलून पाहिली, आकडा उतरला नाही.

मग किडनीतज्ज्ञांकडे पाठवलं. फाईल जाडजूड झाली होती. डॉक्टर मॅडम ती शांतपणे चाळत होत्या. अँजिओप्लास्टीची तारीख, त्यानंतरची क्रिएटिनिनची एकेक तारीख त्यांनी एका कागदावर खाली खाली लिहिली. शेजारून माझी बायको म्हणाली, "अहो, त्या बोटांचं सांगा ना त्यांना." मी सांगायला लागलो तोच मॅडमनी मान वर केली.

"काका, मोजे काढा बरं. दोन्ही पायांचे. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या."

त्यांनी बोटं पाहिली, पावलाची नाडी चाचपली, मग मला उभं राहायला सांगून पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भाग पाहिला. तिथं कातडीखाली जांभळट रेषांची जाळी उमटली होती. मला ती कधी दिसलीच नव्हती, दिसणार तरी कशी, पाठीमागची बाजू. बायकोला त्यांनी जवळ बोलावून ती जाळी दाखवली. मग म्हणाल्या, "नाडी चांगली आणि बोटं निळी. याचा अर्थ मोठी धमनी उघडी आहे आणि बारीक धमन्या बुजल्यात. पायात जे झालंय तेच किडनीतही झालं असण्याची शक्यता खूप आहे."

त्या दिवशी त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत मांडतो. हृदयातून निघणारी मुख्य धमनी म्हणजे महाधमनी. वय, रक्तदाब, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी तिच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचे थर साचतात. यालाच अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. हृदयाच्या धमनीत जो आजार होता तो फक्त हृदयापुरता नसतो, अंगभर असतो. या थरांच्या पोटात कोलेस्टेरॉलचे स्फटिक असतात, अभ्रकाच्या कपच्यांसारखे चपटे आणि धारदार कडांचे. वरचं पातळ आवरण फाटलं की ते रक्तात सुटतात. आवरण आपोआपही फाटतं, पण बहुतेक वेळा महाधमनीतून कॅथेटर गेल्यावर किंवा तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर फाटतं. जांघेतून हृदयाकडे जायचं तर रस्ता अख्ख्या महाधमनीतून आहे. सुटलेले स्फटिक रक्ताबरोबर खाली वाहतात आणि जिथं धमनीची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी होते तिथं अडकतात. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या दोन किडन्यांकडे जातो, त्यामुळे हा मारा किडनीवर सगळ्यात जास्त होतो. उरलेले पायाच्या बोटांत, कातडीत, आतड्यांत, डोळ्यांत.

आता हा आकडा पायरीपायरीनं का चढतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्फटिक अडकला की धमनी लगेच पूर्ण बंद होत नाही. त्याचा आकार वेडावाकडा, कडेनं रक्त वाहत राहतं. पण शरीराला ती परकी वस्तू वाटते. तिच्याभोवती पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते, धमनीचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि काही आठवड्यांत वाट बुजते. त्यात एकदा फाटलेला थर पुन्हा पुन्हा स्फटिक सोडू शकतो. म्हणून डायसारखा एकदा चढून उतरणारा आलेख इथं दिसत नाही. मॅडमनी लिहिलेला तारखांचा तो कागद पाहिला तरी हा फरक लख्ख कळत होता.

या आजाराला नाव आहे अथेरोएम्बोलिक किडनी विकार किंवा कोलेस्टेरॉल एम्बोलिझम, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कणांनी बारीक धमन्या बुजणं. तो नवीन नाही. पीटर पानुम या डॅनिश संशोधकानं १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं आणि फ्लोरी या संशोधकांनी १९४५ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिलं, की महाधमनी जितकी जास्त खराब तितके हे कण जास्त सापडतात. तरीही तो वेळेवर ओळखला जात नाही. कारण आधीची प्रक्रिया हृदयाच्या विभागात, बोटांचं दुखणं फॅमिली डॉक्टरकडे, क्रिएटिनिन तिसरीकडे, आणि मधे गेलेले आठवडे. धागे जोडणारं कुणी एक माणूस लागतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. खरं म्हणजे पहिला पुरावा आधीच फाईलमध्ये होता. साध्या रक्त तपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ९ टक्के होत्या. तेवढ्या ॲलर्जीनं किंवा जंतांनीही वाढतात, म्हणून कुणी त्यांवर बोट ठेवलं नव्हतं. या आजारातही त्या वाढतात. रक्तातलं कॉम्प्लिमेंट सी-३ हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन थोडं कमी निघालं. शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलेला. रक्तवाहिन्यांना सूज आणणारे दुसरे आजार असेच दिसतात, म्हणून एएनए आणि अँका या चाचण्या केल्या, दोन्ही निगेटिव्ह. लघवीत प्रथिनं थोडीच, रक्त जवळजवळ नाही. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, किडनीच्या दोन्ही मुख्य धमन्या बऱ्यापैकी मोकळ्या. याचा एक अर्थ असाही, की किडनीच्या धमनीत स्टेंट घालून हा प्रश्न सुटणार नव्हता. अडथळा होता तो कुठलंच यंत्र पोचू शकणार नाही अशा बारीक फांद्यांमध्ये.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा पाहिला. डाव्या डोळ्यात, एका बारीक धमनीला जिथं फाटा फुटतो अगदी तिथं, एक चकचकीत पिवळा ठिपका होता. त्याला होलेनहॉर्स्ट प्लाक म्हणतात; रॉबर्ट होलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं. माझी नजर व्यवस्थित होती, मला काहीच जाणवत नव्हतं. पण शरीरात धमनीच्या आत अडकलेला कोलेस्टेरॉलचा कण काप न घेता दिसतो तो फक्त डोळ्याच्या पडद्यावर, म्हणून ही तपासणी सांगतात.

पक्की खात्री बायोप्सीनं होते. किडनीची करायची तर सुई टोचल्यावर रक्तस्राव होण्याची भीती, कारण नवा स्टेंट असल्यामुळे रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या आणि त्या थांबवणं धोक्याचं होतं. बोटाचा तुकडा घेतला तर तिथं रक्तच कमी, जखम भरणार नाही. म्हणून पोटरीवरच्या जाळीचा तुकडा घ्यायचं ठरलं. भुलीचं इंजेक्शन, पेन्सिलीएवढ्या गोल पात्यानं कातडीचा छोटा दंडगोल काढला, एक टाका. भूल देतानाची चुणचुण सोडली तर दुखलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा पॅथॉलॉजिस्टना विनंती केली, की मला बघता येईल का. त्यांनी आनंदानं सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावून दिली. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर धमनीचा गोल काप होता. मधे जी पोकळी मोकळी असायला हवी ती पेशींनी भरलेली, आणि त्या पेशींमध्ये सुईच्या आकाराच्या पांढऱ्या, रिकाम्या फटी, एकमेकींना लागून. मी विचारलं, स्फटिक कुठं आहेत? ते म्हणाले, "स्लाइड तयार करताना जी द्रावणं वापरतो त्यात कोलेस्टेरॉल विरघळून जातं. त्यामुळे स्फटिक दिसत नाही, त्याची जागा दिसते. ह्या फटी म्हणजे तेच." फटींच्या कडेला अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी होत्या, परक्या वस्तूला गिळायला आलेल्या. इतके दिवस मला काय होतंय हे मी आकड्यांवरून समजून घेत होतो. त्या काचेवर ते प्रत्यक्ष होतं. घाबरायला व्हायला हवं होतं, पण मला आधार वाटला.

आधार वाटला तरी औषध नव्हतं. अडकलेले स्फटिक विरघळवणारं औषध आजही नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. मग निदान होऊन फायदा काय, असं माझ्या मुलानं विचारलं. फायदा खूप झाला. पुढच्या काही दिवसांत पायाची अँजिओग्राफी करावी असा विचार चालला होता, निळी बोटं पाहून. ती रद्द झाली. कॅथेटर पुन्हा महाधमनीत गेलं असतं तर आणखी कण सुटण्याचा धोका होता. बोटांसाठी हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध द्यायचा विचार होता, तोही सोडला; हेपरिन किंवा वॉरफरिनसारख्या औषधांनी थरावरची संरक्षक गुठळी जमत नाही आणि कण सुटत राहू शकतात, असं काही रुग्णांच्या बाबतीत आढळलं आहे. स्टेंटसाठीच्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या मात्र तशाच ठेवल्या, त्या वेगळ्या प्रकारच्या. या दोन गटांत गल्लत करून कुणी आपणहून गोळी बंद करू नये, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. स्टेंट नवा असताना या गोळ्या सोडणं जिवावर बेतू शकतं.

स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा, डोस वाढवला, थर स्थिर राहावेत म्हणून. रक्तदाब हळूहळू, बेतानं उतरवला; अशा किडनीला दाब एकदम पडलेलाही सोसत नाही. दुखणं थांबवायच्या नेहमीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या, पूर्ण बंद. ठणक्यासाठी दुसरी औषधं दिली. थोड्या दिवसांसाठी कमी मात्रेत स्टेरॉइड दिलं. त्यानं किडनी वाचते असं सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत, हे सांगूनच दिलं. माझ्यापुरतं सांगायचं तर ठणका कमी झाला आणि भूक परत आली. क्रिएटिनिनवर त्याचा परिणाम दिसला नाही.

ते ५.८ पर्यंत गेलं. ई-जीएफआर १० वर आला. पायांवर सूज, झोपलं की धाप, तोंडाला लोखंडाची चव. डायलिसिस सुरू करावं लागलं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातली आणि आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर. डायलिसिसबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून फक्त माझ्या आजारापुरता वेगळेपणा सांगतो. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सहसा हेपरिन वापरतात. मला ते शक्यतो द्यायचं नाही असं ठरलेलं. त्याऐवजी सिस्टर थोड्या थोड्या वेळानं नळीत सलाईन सोडून मशीन धुऊन काढायच्या आणि डायलायझर, म्हणजे मशीनची गाळणी, हातात घेऊन, प्रकाशाकडे धरल्यासारखा फिरवून पाहायच्या, आतले बारीक तंतू काळपट पडले का म्हणून. काळपट म्हणजे रक्त गोठायला लागलं. हे काम वेळखाऊ आहे, चार तास लक्ष ठेवून करावं लागतं. त्या कधी कंटाळल्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरी काळजी दाबाची. एका वेळी जास्त पाणी ओढलं की रक्तदाब पडतो, आणि उरल्यासुरल्या धमन्यांना मिळणारं रक्तही आटतं. म्हणून दोन डायलिसिसच्या मधे वजन फार वाढू द्यायचं नाही. पाणी मोजून पिणं आणि मीठ कमी करणं. पाणी सोसतं, मीठ सोसत नाही, हा माझा अनुभव. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते. ज्यांना नव्यानं पाण्याचं बंधन आलं आहे त्यांनी आधी मिठाकडे बघावं.

बोटांचं म्हणाल तर चारपैकी तीन हळूहळू मूळ रंगावर आली. उजव्या करंगळीचं टोक काळं पडलं, सुकलं. सर्जननी ते कापलं नाही. संसर्ग नाही तोवर कोरडंच ठेवायचं, मेलेला भाग शरीर स्वतः वेगळा करेल, असं त्यांचं म्हणणं. तसंच झालं. बोटांच्या मधे कापूस, सैल मोजे, रोज उजेडात दोन्ही पाय बघणं. शेकायचं मात्र अजिबात नाही. गरम पाण्याची पिशवी लावावीशी वाटते, पण जिथं रक्त कमी तिथली कातडी लगेच भाजते आणि जखम भरत नाही.

डायलिसिस काही महिने चाललं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बायकोच्या लक्षात आलं, की लघवी वाढली आहे. ती रोज मोजून वहीत लिहीत होती. डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिनही दर वेळी थोडं कमी यायला लागलं. मॅडमनी आधी तीनाचे दोन केले, मग एक, मग थांबवून पाहिलं. या आजारात काही रुग्णांची किडनी अशी काही महिन्यांनी सावरते; ज्या भागांना रक्त कमी पडत होतं पण जे पूर्ण मेले नव्हते, ते पुन्हा काम धरतात. सगळ्यांचं असं होत नाही. माझ्याबरोबर डायलिसिसला येणारे एक जण याच आजाराचे होते, त्यांचं अजून चालू आहे. माझं थांबलं यात माझं काही कर्तृत्व नाही. मानेतली नळी काढली त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो.

सध्या क्रिएटिनिन २.६ आहे, ई-जीएफआर २६, म्हणजे पाचपैकी चौथा टप्पा. हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन, फॉस्फरससाठी गोळी, पोटॅशियमवर नजर. फाईलच्या पहिल्याच पानावर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: कोलेस्टेरॉल एम्बोलिझम झालेला आहे, धमनीतून कॅथेटर घालण्याआधी किडनीतज्ज्ञांशी बोला, वेदनाशामक गोळ्या नकोत. कुठल्याही दवाखान्यात गेलो की मी आधी ते पान पुढे करतो. ज्यांची अँजिओग्राफी किंवा महाधमनीची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्या घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की एक-दोन महिने त्यांच्या पायाची बोटं आणि पोटऱ्या बघत राहा, आणि सगळं ठीक वाटलं तरी महिन्याभरानं एकदा क्रिएटिनिन करून घ्या. रंग बदलला किंवा आकडा चढला तर डॉक्टरांना प्रक्रियेची तारीख आणि पाय, दोन्ही एकत्र दाखवा. अँजिओग्राफी गरजेची असेल तर ती टाळू नका. हा आजार होतो त्यांची संख्या थोडी आहे, आणि हृदयाचा अडथळा तसाच ठेवण्याचा धोका फार मोठा.

ई-जीएफआर २० च्या खाली गेला तर हातात फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांचा जोड, करायचा विषय काढू, असं ठरलं आहे, कारण तो पिकायला दोन-तीन महिने लागतात. तोवर डाव्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या आहेत. रक्त काढायला कुणी आलं की मी उजवा हात पुढे करतो, आणि शक्य असेल तर सुई मनगटाच्या पुढे, तळहाताच्या मागच्या शिरेतच टोचायला सांगतो.